येथे थांबणे

आप्पांना जाऊन दोन महिने झाले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं कपाट आवरायला घेतलं, तर खालच्या फळीवर पाठ टाचणाच्या वह्या निघाल्या. उद्या काय शिकवायचं ते शिक्षकानं आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, त्या या वह्या. एका वहीच्या समासात लाल शाईनं जागोजागी दोनच शब्द होते : येथे थांबणे. मी वही घेऊन खाली बसले. आवरायचं काम तिथंच राहिलं.

ती वही दुष्काळातली आहे. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शिक्षण कार्यालयातले कागद जुन्याच जिल्ह्याचे. वरचं नाव शाईनं खोडून आम्ही बाजूला 'लातूर' लिहायचो. मी नांदेडला शिकून नोकरीला लागले होते. शाळांना नवे टेपरेकॉर्डर मिळाले होते आणि ते वर्गात कसे वापरायचे हे शिक्षकांना शिकवणं, हे माझं पहिलं काम. मुरुडच्या शिबिरात चाळीसेक गुरुजी समोर बसले. तिसऱ्या रांगेत माझे वडील होते.

आप्पा जवळच्याच एका खेड्यात एकशिक्षकी शाळा चालवत. खोली एक, वर्ग चार. तीस वर्षं चार वर्गांना पुरेल एवढ्या आवाजात बोलून त्या साली त्यांचा घसा पार बसला. डॉक्टर म्हणाले, मोठ्यानं बोलाल तर उरलेला आवाजही जाईल. तालुक्याच्या साहेबांनी कळवलं, महिन्याभरात तपासणीला येतो; शिकवणं होत नसेल तर गुरुजींना कार्यालयात घेऊ. निवृत्तीला तीन वर्षं होती. घरी ते पुटपुटत एवढंच म्हणाले, "खडू सोडून फायलीवर बसायचं न्हाई मला." आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

शिबिरात मी पहिली कॅसेट लावली. बटण दाबताच सगळ्यांनी पेनं काढली आणि टेपमधला माणूस बोलेल ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायला सुरुवात केली. पाठ संपला तेव्हा सगळे ताठ बसलेले, जणू साहेबांचं भाषण झालं होतं.

"लिहून घ्यायचं नाही, गुरुजी," मी म्हणाले. "मध्येच थांबवायचं, मुलांना विचारायचं, मग पुढं लावायचं."

"मध्येच?" पहिल्या रांगेतले एक म्हातारे गुरुजी दचकले. "माणूस बोलायलाय अन् आपण त्याचं तोंड दाबायचं?"

साहेब बोलत असताना मध्ये बोलायची कुणाचीच सवय नव्हती आणि टेपमधला शुद्ध आवाज तर थेट सरकारचा वाटत होता. मी पुन्हा पुन्हा कॅसेट लावली. बटणाला हात लावायला कुणी पुढं येईना.

शेवटी आप्पा उठले. मागून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, लेकीनंच धडे द्यायला घेतले की तुमाला!"

"लहानपणी मी तिला लई धडे गिरवायला बसवलं," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता फिटंफाट."

हशा झाला. आप्पांनी वाक्य अर्धं असताना बटण दाबलं. यंत्र मोडल्यासारखं सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. ते माझ्या कानाशी वाकले. "थांबवलं, मॅडम. आता बोलायचं कुणी? मला तर बोलता येत न्हाई."

माझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात शिक्षकानंच बोलायचं होतं. "पोरं बोलतील की," मी म्हणून गेले.

मग जागेवर जाऊन आप्पांनी वहीत उतरवून घेतलेला पाठ पुन्हा उघडला आणि कुणाकडून तरी लाल पेन मागून घेतलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांच्या जीपमधून मीही गेले. गुरुजी माझे वडील आहेत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणाले, "तुम्ही दारातच उभ्या राहा. काही सुचवायचं नाही." ते स्वतः मागं खुर्चीवर बसले. आप्पांनी पाण्याचा पाठ लावला. टेपमधला माणूस म्हणाला, "आपण सकाळी नळ सोडतो, तेव्हा पाणी कुठून येते?"

आप्पांनी बटण दाबलं. साहेब पुढं वाकले. "बंद पडलं की काय, गुरुजी?"

तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. "न्हाई साहेब. आता आमची पाळी हाय."

आप्पांनी फळ्यावर लिहिलं : आपल्या गावात?

"नळच न्हाई गावात!" पोरं हसली. "बारवेतून येतं." बारव म्हणजे गावची पायऱ्यांची विहीर. आप्पांनी खाली लिहिलं : बारवेत कुठून? मग जे सुरू झालं ते टेपमध्ये कुठंच नव्हतं. दिवाळीला बारवेच्या नऊ पायऱ्या उघड्या होत्या, आता एकवीस, असं एक जण म्हणाला. "बावीस! शेवटची गाळात हाय," दुसरी म्हणाली. पाऊस जमिनीत मुरतो म्हणून खालून झरा येतो, यंदा मुरलाच नाही, हे त्यांनी आपापसांत भांडून शोधलं. आप्पा खडूनं एकेकाकडं बोट करत होते.

"एकवीस का बावीस, ते बघूनच येऊ," म्हणत साहेब उठले. सगळा वर्ग त्यांच्यामागं बारवेवर गेला. बावीस भरल्या.

परत येऊन साहेबांनी शेरेबुकात लिहिलं : 'गुरुजी बोलत नाहीत, वर्ग बोलतो. यांना आहेत तिथेच ठेवावे.' आप्पांनी ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "बरं शिकिवता तुमी, मॅडम." ती तीन वर्षं त्यांनी त्याच खोलीत काढली. आवाज थोडा परतलाही, पण वर्गात ते कमीच बोलत राहिले.

मागच्या आठवड्यात बिलोलीला शिबिर होतं. आता मोठे पडदे आहेत, व्हिडिओ आहेत. मी व्हिडिओ लावला, तर तरुण शिक्षकांनी मोबाइल काढून पडद्याचे फोटो घ्यायला सुरुवात केली. मला हसू आलं. फार दिवसांनी आलं. मी पिशवीतून आप्पांची वही काढून टेबलावर ठेवली आणि वाक्य अर्धं असताना व्हिडिओ थांबवला.

"मॅडम, लाइट गेली का?" एक शिक्षिका म्हणाली.

"नाही. आता तुमची पाळी."

फोटो घेणारे मोबाइल खाली आले. बटणाकडं जाणारा हात मी वहीवरच ठेवला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी घसा साफ करून बोलायला लागलं.