बावीस आले, एक बाकी

फ्रिस्कोच्या मराठी मंडळात मेक्सिकोचं नाव निघालं की सगळ्यांची तोंडं गुरुनाथकाकांकडे वळायची. दर वर्षी नोव्हेंबर लागता लागता काका वीस-बावीस माणसं बसमध्ये घालून टेक्ससच्या सीमेवर, ईगल पासला न्यायचे. रस्ता सात तासांचा. बस हलली की काका माइक हातात घेत. साल्तियोचे विणकर सरापे, म्हणजे तिकडची रंगीत घोंगडी, कशी विणतात, मधोमध हिऱ्यासारखी नक्षी धरून तिच्याभोवती रंग कसे पसरत नेतात. वाळवंटात मध्येच निळ्याशार पाण्याचे डोह कसे लागतात. गेलेली माणसं दोन नोव्हेंबरला घरी येतात म्हणून त्यांच्यासाठी घराघरांत झेंडूच्या फुलांनी कसं सजवून ठेवतात. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस दहा वेळा तरी जाऊन आला असेल.

काका एकदाही गेले नव्हते.

२००१च्या शेवटी त्यांची नोकरी गेली. दुसरी मिळायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांनी त्यांच्या व्हिसाचं सगळं त्रांगडं करून ठेवलं. वकिलाने बजावलं, ‘ग्रीन कार्डाचा अर्ज लागून प्रवासाचा कागद हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. परत येता येईलच याची खात्री मी देणार नाही.’ पदरात शाळेत जाणारी मुलगी, नेत्रा. काकांनी पाऊल टाकलं नाही. रिकामपणी लायब्ररीतून मेक्सिकोची पुस्तकं आणून वाचली, नकाशे पाठ केले, आणि एका माहितीपत्रकावरचा नंबर फिरवून पलीकडच्या गाइडशी ओळख काढली.

त्याचं नाव एवारिस्तो. उतारवयाचा, विणकराच्या घरातला. तरुणपणी टेक्ससमध्ये कागदांशिवाय राबला, पकडला गेला आणि परत पाठवला गेला. त्यामुळे त्याला अलीकडे येता येत नव्हतं आणि काकांना पलीकडे जाता येत नव्हतं. दोघांचं इंग्रजी आपापल्या परीने मोडकं, तरी रविवारच्या फोनवर तासभर निघून जायचा. काका बसमध्ये जे सांगत, ते सगळं एवारिस्तोचं. आपलं म्हणून मिरवलं मात्र त्यांनी कधी नाही.

पुलाशी पोचलं की काका एकेकाचा पासपोर्ट तपासत, ‘पासपोर्टातलं पांढरं कार्ड कुणाच्या हातात देऊ नका, त्याच्यावरच परत आत घेतात’ म्हणून दटावत, आणि स्वतः अलीकडे थांबत. “बसजवळ कुणीतरी नको का?” म्हणायचे. एवढं जाणणारा माणूस दर वर्षी मागे का राहतो, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. आपली माणसं अशा बाबतीत फार सोयीस्कर असतात.

मंडळी पलीकडे पोचली की एवारिस्तो बोटाने मोजायचा आणि फोन करायचा. “सेन्योर गुरु, बावीस आले, एक बाकी.” तो बाकीचा एक कोण, हे दोघांनाच ठाऊक. मग काका नदीकाठी जात. पलीकडच्या काठावर एक पांढरी हॅट वर व्हायची, इकडून काकांची टोपी. नदी काही फार रुंद नाही. पण चेहरा दिसायचा नाही. पाच वर्षं दोन माणसांची भेट इतकीच. काकांची एकच इच्छा होती, एकदा त्या माणसाचा हात हातात घ्यायचा. चार दिवसांनी मंडळी परत येत, कुणी सरापे घेऊन, कुणी फोटो घेऊन. काका सगळं हाताळून बघत.

२००७च्या जुलैत ग्रीन कार्डाच्या अर्जांचं दार अचानक उघडलं आणि अर्धं फ्रिस्को फोटो नि मेडिकलसाठी धावत सुटलं. सप्टेंबर संपता संपता काकांच्या हातात प्रवासाचा कागद पडला. त्यांनी लगेच फोन लावला.

एवारिस्तो दमल्यासारखा बोलत होता. “हृदय कुरकुरतंय. डॉक्टर काही नीट सांगत नाही. या रविवारीच या ना.”

“या रविवारी नको. आमचा पितृपक्ष लागलाय. गेलेल्यांचा पंधरवडा. त्यात नवं काही सुरू करत नाहीत. नोव्हेंबरात सगळ्यांबरोबर येतोच की.”

तिकडून हसू ऐकू आलं. “आमच्याकडे गेलेल्यांचे दिवस आले की आम्ही दार उघडून ठेवतो. बरं. नोव्हेंबरात.”

फोन ठेवल्यावर रत्नाकाकू म्हणाल्या, “अहो, जाऊन या. माणूस बोलावतोय. हे तुमचे पक्षाचे नियम त्याला का लावता?” काकू कधी इतकं थेट बोलत नसत. पण सहा वर्षं ज्याची वाट पाहिली त्याची सुरुवात अशुभात करायला काकांचं मन धजेना. नाट लागायला नको, एवढीच भीती.

पक्ष संपला. घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी एवारिस्तोच्या मुलीचा, मार्सेलाचा फोन आला. वडील सकाळी चहा पिता पिता गेले होते.

काका दोन दिवस ऑफिसला गेले नाहीत. पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले, “मी जायला हवं होतं गं. सात तासांचा तर रस्ता होता. रविवारी निघालो असतो तर भेटलो असतो.” काकूंनी ‘मी सांगत होते’ असं चुकूनही म्हटलं नाही.

टूर रद्द करावी असं निमिष म्हणाला, तो मंडळाचा सेक्रेटरी. काकांनी मानेनेच नको म्हटलं. या वर्षी बसमध्ये त्यांनी माइक घेतला नाही. बावीस माणसं सात तास खिडकीबाहेर बघत आली.

दोन नोव्हेंबरला, दुपारच्या उन्हात, काका पहिल्यांदा पुलावर चढले. छातीशी प्रवासाचा कागद, हातात चिवड्याचा डबा. दर वर्षी काकू तो एवारिस्तोसाठी पाठवत. या वर्षीही त्यांनी तो केला होता. मधोमध आल्यावर काका थांबले आणि मागे वळून आपल्या नेहमीच्या काठाकडे पाहिलं. पलीकडून आपली टोपी कशी दिसत असेल, हे त्यांना आज कळलं.

पलीकडे मार्सेला उभी होती. हातात वडिलांची पांढरी हॅट. तिने सगळ्यांना गोळा केलं आणि वडिलांसारखंच एकेका डोक्यावर बोट नाचवत मोजलं. शेवटी बोट काकांवर येऊन थांबलं.

“तेवीस,” ती इंग्रजीत म्हणाली. “आता कुणी बाकी नाही, सेन्योर गुरु.”

काकांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. ज्याचा धरायचा होता त्याचा नव्हे. त्यांचे डोळे भरून वाहत होते, आणि बावीस जणांसमोर ते पुसायची त्यांना लाज वाटली नाही.

“नाही,” ते म्हणाले. “तेवीस आले. एक बाकी.”

मार्सेलाने रस्त्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यावरच्या घराच्या उंबऱ्यापासून झेंडूच्या पाकळ्या रस्त्यापर्यंत अंथरल्या होत्या आणि दार उघडं होतं.

“ते आज येतात,” ती म्हणाली. “चला, डबा तिथे ठेवू या.”