डॉक्टरांचं डॉपलर

नव्वदच्या सुमारास पनवेलमध्ये मी ज्यांच्याकडे कंपाउंडर होतो, त्या डॉक्टरांनी शिरेतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं डॉपलरचं मशीन घेतलं. हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब ते पायाच्या शिरेवरून ओळखत. डोळे मिटून, मान डोलवत, मैफलीत बसल्यासारखे मशीनची फसफस ऐकत. पेशंटचं मात्र त्यांनी कधी ऐकलं नाही.

आपटा गावची एक आजी म्हणाली, "डाक्टर, आडवी झाले का जीव गुदमरतो."

"बोलू नका, मशीन ऐकू द्या," म्हणत त्यांनी तिला सपाट निजवून मांडीवर यंत्र धरलं. दहा मिनिटांनी विजयी मुद्रेने मला म्हणाले, "बघ, दाब वाढलाय! ह्यांना आडवं झोपवायचं नाही."

आजी धापा टाकत म्हणाली, "मंग मशीनला इचारा, आता उठू का?"