गर्डर पिळणारे काका

आमच्या काकांनी कारखान्यात नुसत्या हातांनी लोखंडी गर्डर पिळला, अशी गल्लीत बोलवा आहे. साफ खोटं! काकांना बाटलीचं झाकण उघडत नाही. गर्डर त्यांनी पिळला तो खुर्चीत बसून.

काका तिथे सुपरवायझर. काम एकच. काचेच्या केबिनमधून फाटकावर डोळे लावून बसायचं आणि मालकांची गाडी दिसली की बाहेर धावत येऊन कुणावर तरी खेकसायचं.

छताखाली नवा गर्डर बसवला होता, त्याला जड माल उचलायची चेनपुली टांगायची होती. पण साखळी नेमकी काकांची खुर्ची आणि फाटक यांच्या मध्ये येऊ लागली. काकांनी खुर्चीतूनच एक डोळा मिटून नेम धरला. "हं-हं, बाजूला घ्या. अजून. अजूऽऽन!" हातभर सरकल्यावर फाटक दिसलं. मग गर्डरच्या खालच्या पट्टीला एका अंगाने ब्रॅकेट जोडा आणि चेनपुली त्याला टांगा, असा हुकूम सुटला.

वेल्डरबाई शिडीवरूनच म्हणाल्या, "साहेब, भार मधोमध असला तर हा हत्तीही पेलेल. असा कडेला लटकवलात तर वाकायच्या आधी पिळेल."

"बाई, पाच टन पेलतो हा. कागदावर आहे. आपण टांगणार दोन. पाचातून दोन गेले, किती?"

"तीन. पण कागदावर भार मधोमध आहे."

"मग उरले ना तीन! हं-हं."

चाचणीला मालक आले. दोन टनांचा ठोकळा वीतभर उचलला, तोच ओला टॉवेल पिळावा तसा गर्डर फिरला. खालची पट्टी एकीकडे, वरची दुसरीकडे. टोकाचा बोल्ट टणकन उडाला तो केबिनची काच फोडून आत. ठोकळा धाडकन जमिनीवर. कुणाला लागलं नाही. काकांना तर नाहीच, ते मालकांच्या मागे होते, मालकांचाच कोट धरून.

खुर्ची गेली, हे काकांनी ओळखलं. मालकांचा कोट अजून सुटला नव्हता, जीभ मात्र ठणठणीत. "पोलादच कच्चं, साहेब!"

त्या संध्याकाळी मी पैज लावली. "काका, तुमची खुर्ची जाणार. नाही गेली तर महिनाभर तुमचे बूट पुसेन."

"लाव, लाव," काका म्हणाले, पण जेवले अर्धंच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच गठ्ठ्यातला दुसरा गर्डर चढवला आणि चेनपुली त्याच्या मधल्या उभ्या पत्र्याच्या बरोबर खाली टांगली. तेच दोन टन अलगद वर गेले. मालकांनी भुवई उंचावली. "कच्चं पोलाद?"

काकांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "तेच तर मी बाईंना सांगत होतो, साहेब! भार मधोमध हवा!"

बाईंनी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. मालकांना कारखान्यातलं काका सांगतील तेवढंच कळतं. काका आता सुरक्षा प्रमुख आहेत. खुर्ची नवी, फिरती. भिंतीवर पाटी लागलीय, 'भार नेहमी मधोमध लावा', खाली काकांची सही. ती ठोकायलाही बाईच चढल्या.

आज माझा सतरावा दिवस. काका पाय पुढे करून बसलेत.

"हं-हं. टाचेकडे राहिलं."