कॉइलखालचा रंग

पुण्याहून कोकणात निघालेल्या माणसाच्या पिशवीत बाकरवडी असते. माझ्या पिशवीत मोटारसायकलची इग्निशन कॉइल होती आणि डोक्यात राग होता.

राग अप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर. जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून ते आता जयगडला एकटे राहतात. डावा डोळा जुन्या अपघातात गेलाय, उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. आणखी लांबवाल तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावूनही त्यांनी दोनदा ठरलेलं ऑपरेशन मोडलं. तिसऱ्यांदा मी फोनवर कडाडले, तेव्हा म्हणाले, "माझी फटफटी सुरू करून दे. तिच्यावर बसून येतो रत्नागिरीला. एसटीने नाय, रिक्षाने नाय." फटफटी कित्येक महिने बंद. ठिणगीच पडत नाही, कॉइल गेली, असं गावातल्या मेकॅनिकने सांगितलेलं. मग मीही इरेला पेटले आणि चांगली जास्त ताकदीची कॉइल शोधून आणली.

रत्नागिरीला उतरून जयगडची एसटी पकडली. शेजारी बसलेल्या मावशींनी सुक्या मासळीची पाटी सरळ माझ्या पिशवीवर ठेवली. मी म्हटलं, "मावशी, आत नाजूक वस्तू आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "सुकी हाय, गळत नाय. तुझ्या वस्तूला काय व्हत नाय." गाडी सड्यावर (जांभ्या दगडाचं सपाट माळरान) चढली. गवत सोनेरी झालं होतं, मधूनच खाली समुद्र चमकत होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी मात्र उद्या सकाळचं ऑपरेशन आणि मांडीवरचा बोंबलांचा वास, एवढंच सुचत होतं.

घरी पोचले तर फटफटी पडवीत उभी होती आणि तिचा सांगाडा भडक निळा झाला होता. इकडे खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही म्हणून लोक होडीचा उरलेला रंग दाराच्या कडीपासून पंपाच्या पाइपापर्यंत मिळेल तिथे फासतात. अप्पांनीही तेच केलेलं.

"आधी घावनं खा," अप्पा म्हणाले. घावनं (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) फार सुरेख झाली होती, त्याचाही मला राग आला. मी घाईत, आणि हा माणूस सोफ्यावर पाय पसरून निवांत.

मेकॅनिक दिलावर धक्क्यावर एका बोटीच्या इंजिनात शिरला होता. "बोट आधी, फटफटी मग," तो आतूनच म्हणाला. "ओहोटी लागली की बोट अडकल, ताय, तुमची गाडी कुठं जातेय?" शेवटी दुपार कलल्यावर तो आला. टाकी उतरवली, जुनी कॉइल काढली, नवी बसवली. मी किक मारली. पुन्हा मारली. पाय भरून आला, पण ठिणगी म्हणून नाही. दिलावरने प्लग बदलला, वायरी बदलल्या, मग मान हलवली. "पुण्याची कॉइलच बाद हाय."

"अरे, कोरी आहे," मी म्हणाले.

"ऱ्हाऊं दे गो बाय," अप्पा आतून म्हणाले. "नशिबात नाय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात बघू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कॉइल उपटून काढली, आणि तेव्हा दिसलं. जिथे कॉइल सांगाड्याला टेकते, तिथेही निळा रंग होता. जाड, दोन हात दिलेला, बोल्टच्या आट्यांतसुद्धा. लोखंडाला लोखंड लागत नव्हतं, मग अर्थिंग मिळणार कुठून? दिलावर वाकून बघत राहिला. "माझ्या नजरेतनं सुटला," तो म्हणाला आणि कानस घेऊन खरवडायला लागला. पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. हट्टाने जुनी कॉइल लावून बघितली, तिच्यावरही झाली. म्हणजे माझी ताकदवान कॉइल इतक्या लांबून उगाचच आली होती.

वरवर रंग मारताना तो कॉइलखाली जात नाही. कॉइल काढावी लागते, रंगवून पुन्हा बसवावी लागते. आणि अर्थिंग म्हणजे काय, हे जन्मभर इंजिनरूममध्ये राहिलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

"अप्पा, हे मुद्दाम केलंत?"

इंजिनाच्या आवाजाने ते दारात आले होते. "एकच डोळा हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "बोटीवर वादळात भ्यालो नाय. पण तो पण गेला तर?"

मी टाकी पुन्हा बसवायला घेतली. ते आत गेले, सदरा बदलून, पिशवी घेऊन बाहेर आले आणि मुकाट्याने मागे बसले. दिलेला शब्द मोडायची त्यांची रीत नाही. तो पाळायची वेळ येऊ नये, एवढीच तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती. गणपतीपुळ्याला थांबून त्यांनी लांबूनच हात जोडले. पुढे आरे गावाच्या उतारावर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि रत्नागिरीत आत्याच्या घरापर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर दवाखान्याच्या पायऱ्या ते एकटे उतरले आणि आवारात लावलेल्या गाडीसमोर थबकले.

"ही कोणाची?"

"तुमचीच."

"काय तरी काय. माझ्या गाडीला मी काळा रंग लावलाय. हा निळा कोणी फासला?"

म्हणजे रंग काळा की निळा हेही दिसेनासं होईपर्यंत ते ती गाडी रस्त्यावर काढत होते, बाजारात जात होते आणि मला फोनवर सांगत होते, "मस्त दिसतंय, काळजी करू नको." ते वाकून सांगाड्यावरून बोट फिरवत होते, पुन्हापुन्हा.

त्यांना जयगडला सोडून पुण्याला परतताना पिशवीला अजून सुक्या मासळीचा वास येत होता. आत न लागलेली कॉइल तशीच होती. घाटात फोन आला.

"पोचलीस का गो?" अप्पा म्हणाले. "दिलावरकडनं काळा रंग आणलाय. ह्या वेळी डबा नीट बघून आणलाय."

"कॉइलखाली लावू नका," मी म्हणाले.

"आता कशाला लावू?" ते म्हणाले.