सासूबाईंच्या तोंडवळ्याची अस्वलं

ब्रीएन्झ गावच्या काश्पारने उभ्या जन्मात जिवंत अस्वल पाहिलं नव्हतं. तरी तळ्याकाठच्या त्याच्या दुकानातून अक्रोडाच्या लाकडाची अस्वलं इंग्रज प्रवासी आठवण म्हणून हौसेने घेऊन जात. एखादं छत्र्या सांभाळायला हात पसरून उभं, एखादं ढोल बडवणारं. चेहरा मात्र सगळ्यांचा एकच, त्याच्या सासूबाईंचा, सालोमेबाईंचा. तेच फुगलेले गाल, तीच रोखलेली नजर. अख्खं गाव हे जाणून होतं, पण सालोमेबाईंना सांगायची कुणाची छाती नव्हती.

एकदा बर्न शहरातल्या अस्वलांच्या खड्ड्यापाशी जाऊन काश्पारने खरं अस्वल डोळे भरून पाहिलं आणि परतल्यावर हुबेहूब तसंच कोरलं. ते उन्हाळाभर पडून राहिलं. एका बाईने तर विचारलं, "हा कुत्रा केवढ्याला?"

शेवटी सासूबाईच दुकानात आल्या. त्यांनी ते अस्वल खालून वर न्याहाळलं.

"जावईबापू, हे काय ध्यान?"

"खरं अस्वल आहे, आई."

"खपतंय का?"

काश्पारने अस्वलावरची धूळ फुंकली. सालोमेबाईंनी खिडकीशी स्टूल ओढलं, ऐसपैस बसल्या आणि गाल फुगवले.

"घ्या पटाशी. आणि या खेपेला नाक जरा बेतानं काढा."