नऊ सामने, नऊ पराभव

हरल्याचा इतका अभिमान बाळगणारा माणूस माझ्या मावशीच्या यजमानांखेरीज अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. मी त्यांना काका म्हणतो. जन्मभर त्यांनी शेळ्या राखल्या, पण कुणी विचारलं की स्वतःला गोलकीपर म्हणवतात. त्यांच्या तरुणपणी नांदूरघाटाजवळच्या त्यांच्या गावात फुटबॉलचा क्लब होता. बदलून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी तो काढला आणि चौदा महिन्यांत तो संपलाही. तेवढ्यात क्लब नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ हरला. त्या चौदा महिन्यांचा इतिहास काका गेली चाळीसेक वर्षं सांगत आले, आणि दरवेळी संतापून.

शेळ्या वळवायला ते रेफ्रीची शिट्टी वाजवत, आणि एखादी कुणाच्या ज्वारीत शिरलीच तर तिला नाव घेऊन फाऊल देत. लग्न होऊन आल्यावर मावशीला सासरच्या माणसांच्या आधी क्लबातल्या अकरा जणांची नावं पाठ करावी लागली. एकदा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आम्ही जेवत होतो. शेजारच्या बाजेवरचा ट्रकवाला सहज बोलून गेला की आपल्या भागात फुटबॉल कधी नव्हताच. काकांनी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि त्या परक्या माणसाला पहिल्या सामन्यापासून सुरुवात केली. बाहेर क्लीनर हॉर्न वाजवून दमला, पण सातवा सामना अर्धवट सोडायला काका तयार होईनात. मी मान खाली घालून वरण संपवलं. तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं.

क्लब मोडला ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. गावामागच्या गायरान माळावर ही मंडळी खेळत. एका सकाळी गावच्या पुढाऱ्यांनी त्या माळावर ट्रॅक्टर घातला आणि सगळा नांगरून आपल्या शेताला जोडला. गोलचे बाभळीचे खांब त्यांच्याच चुलीत गेले. डॉक्टर जाब विचारायला गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली. गावात कुणी चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी गावाने स्मरणिका काढली आणि प्रकाशनाआधीच तिच्या प्रती घरोघर वाटल्या. पुढारी आता हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव गावचा कारभार बघतात. स्मरणिकेत छापलं होतं की फुटबॉल क्लब त्या थोरल्या पुढाऱ्यांनीच स्थापन केला आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली गावाने तालुक्याचा चषक जिंकला. डॉक्टरांचा उल्लेख नाही, अकरा जणांपैकी एकाचंही नाव नाही. ते वाचून पहिल्यांदाच मी काकांच्या आधी संतापलो. माळ गिळला तो गिळलाच, आता त्यावरचा घामही यांचाच? काकांनी मात्र ते पान तीनदा वाचलं आणि मावशीला धुतलेलं धोतर काढायला सांगितलं.

प्रकाशनाचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात होता. चिरंजीव वडिलांच्या क्रीडाप्रेमावर बोलू लागले तसे काका मधल्या रांगेतून उठले. ओरडले नाहीत, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"तुमच्या वडलांनी माळ नांगरला. त्ये सगळ्या गावाला ठावं हाय, म्हणून त्ये ऱ्हाऊ द्या. पर आमी एकबी मॅच जिंकलो न्हाई. नऊ खेळलो, नऊ हारलो. माझी माणसं काट्यात अनवाणी पळाली. त्यांचं हारणं तुमी कावून पुसता?"

मग ते एकेक नाव घेऊ लागले. त्यातले आठ जण कधीच गेलेले. चौथ्या नावाला बायकांतून एक जण उभी राहिली. तो तिचा बाप होता. पुढच्या नावाला दोघं भाऊ उठले. डॉक्टरांचं नाव शेवटी आलं. त्यांच्यासाठी उठायला गावात कुणी नव्हतं, म्हणून मी उठलो. चिरंजीव माईकवरूनच म्हणाले, "आमाला घरात जे सांगितलं त्ये छापलं. दुरुस्ती करू."

दुरुस्तीची चिठ्ठी खरंच छापून आली. ती प्रत्येक प्रतीत चिकटवायचं काम काकांनी कुणावर सोपवलं नाही. मावशीकडून कणकेची खळ शिजवून घेऊन ते घरोघर फिरले. पंधरा दिवसांत सगळ्या गावाच्या स्मरणिकेत नऊ पराभव नावानिशी नोंदले गेले.

तेव्हापासून काका गप्प गप्प असतात. कुणी काही चुकीचं बोलत नाही, त्यामुळे त्यांना सांगायला काही उरलेलं नाही. परवा गेलो तर अंगणात बसले होते. मला ते बघवेना. मी मुद्दाम म्हणालो, "काका, शेवटच्या सामन्यात आपण दोन गोल केले होते ना?" साफ खोटं होतं, आमचा एकही झाला नव्हता.

आता भडकतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं हसले.

"असतील," म्हणाले.