दुपारची बोट

मुलगी स्कॉटलंडच्या एका चिमुकल्या बेटावर नर्स म्हणून गेली, तेव्हा आम्हा नवरा-बायकोला ते नकाशात सापडेना. शेवटी तिनंच कागदावर काढून पाठवलं. एक धक्का, एक रस्ता, एक दुकान, एक शाळा, आणि ती काम करते ते म्हाताऱ्यांचं घर. झाड एकही नाही. वारा टिकूच देत नाही. पलीकडे जायला दिवसातून एकच बोट, दुपारी. बायकोनं तो कागद भिलाईच्या आमच्या क्वार्टरात फ्रिजला चिकटवला आणि भाजी चिरता चिरता सगळं बेट पाठ केलं. तिथल्या टपालवाल्या बाईचा कोणता गुडघा दुखतो, हेही हिला ठाऊक. शेजारच्या क्वार्टरात कोण राहायला आलं, ते मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी ही स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलवून घ्या. बेटावर तेव्हा सकाळ होती, तिची ड्यूटी नुकतीच लागली होती. बोटीला अजून चार तास होते. मी फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

पस्तीस वर्षं मी प्लांटमध्ये भट्टीजवळ काढली. आमच्यात रीतच होती, शिफ्टवरच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. त्याचं लक्ष उडालं तर जीव जातो. माझे वडील गेल्याची खबर मला शिफ्ट सुटल्यावर गेटवर मिळाली होती, आणि मला ते बरोबरच वाटलं होतं.

मुलीची ड्यूटी सुटल्यावर मी फोन केला. बोट निघून गेली होती. त्याच संध्याकाळी तिकडे वारा सुटला आणि तीन दिवस बोट हललीच नाही. ही शुद्धीवर होती. सारखं एकच विचारायची, "पोरगी बोटीत बसली का जी?" दुसऱ्या दिवशी मी हो म्हणालो. त्या 'हो'ची लाज अजून जात नाही. तिसऱ्या दिवशी ही गेली.

तिकडे दुकान बंद करून अख्खं बेट सूपची भांडी घेऊन मुलीच्या दारात आलं. इकडे आमच्या ओळीतली निम्मी क्वार्टरं रिकामी. खांद्याला चौथा माणूस दूर रसमडा गावच्या कारखान्यातून बोलवावा लागला.

मुलगी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. उशीर का केला, तेही मी तिला सांगितलं, भट्टी, शिफ्ट, सगळं. ती फ्रिजवरच्या कागदाकडे पाहत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी त्या सकाळी चादरीच्या घड्या करून राहिली होती."